पेशंट दुसऱ्या सेशनला येतच नाही? मोटिव्हेशनल इंटरव्ह्यूइंग करताना या चुका टाळा

पुण्यात व्यसनमुक्तीच्या कामात नवीन आलेल्या काउन्सेलर मुलामुलींकडून मला सगळ्यात जास्त ऐकू येणारं वाक्य म्हणजे "तो डिनायलमध्ये आहे", म्हणजे आपल्याला प्रॉब्लेम आहे हेच तो मानत नाही. घरच्यांनी कसंबसं आणलेलं असतं, माणूस तासभर हो हो म्हणतो, पुढच्या मंगळवारची वेळ घेतो आणि मंगळवारी फोन स्विच ऑफ. मग फाइलवर "मोटिव्हेशन कमी" असं लिहायचं आणि पुढच्या पेशंटला बोलवायचं. मी पहिली दोन वर्षं हेच लिहीत होते. आज मला वाटतं की त्यातल्या बऱ्याच जणांनी ते डिनायल घरून आणलंच नव्हतं, ते माझ्यासमोर बसल्यावर माझ्या बोलण्यातून तयार झालं होतं.

आणि हे छोटं नुकसान नाहीये. केंद्र सरकारसाठी एम्सने केलेल्या २०१९ च्या देशव्यापी पाहणीत असं आलं की दारूचं अवलंबित्व असलेल्या ३८ जणांमागे जेमतेम एकाला कुठली तरी ट्रीटमेंट मिळते. म्हणजे जो दारापर्यंत आलाय तो आधीच ३८ मधला एक आहे, तो आपल्या बोलण्यामुळे परत जात असेल तर आपण आपलं बोलणं तपासायलाच हवं.

आधी नावाचा घोळ. मोटिव्हेशनल इंटरव्ह्यूइंग, आम्ही सगळे एमआयच म्हणतो. नावात मोटिव्हेशनल आहे म्हणून लोकांना वाटतं जोशपूर्ण भाषण द्यायचं, आणि इंटरव्ह्यू आहे म्हणून वाटतं प्रश्न विचारायचे, आणि हे दोन्ही केलं की एमआय मेलंच. विल्यम मिलर हे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ १९८२ ला नॉर्वेमधल्या एका क्लिनिकमध्ये होते, तिथले तरुण थेरपिस्ट त्यांना मध्येच थांबवून विचारायचे की आत्ता तुम्ही असंच का बोललात, दुसरं काही का नाही, आणि त्या उत्तरांतून १९८३ चा त्यांचा पहिला लेख झाला. पुढे स्टीफन रोलनिक सोबत आले आणि १९९१ ला दोघांचं पुस्तक. कल्पना तशी साधी आहे, पिणाऱ्या माणसाच्या मनात सोडायचं आणि चालू ठेवायचं असं दोन्ही एकाच वेळी असतं, आपलं काम त्यातलं सोडायचं बोलणं त्याच्याच तोंडून बाहेर यावं एवढंच. वाचायला सोपं, करायला भयंकर अवघड.

समजावून सांगायची घाई

ही सगळ्यात मोठी चूक, बाकीच्या निम्म्या चुका हिच्याच पोटातून येतात. भोसरीच्या एका कंपनीत मशीनवर काम करणारे एक काका माझ्याकडे आले होते (तपशील बदललेत). म्हणाले, "आमच्या शिफ्टमध्ये सगळेच घेतात हो." मी लगेच, "सगळे घेतात म्हणून आपणही घ्यायची का काका? लिव्हरचा रिपोर्ट बघितलात ना?" त्यावर काका म्हणाले, "रिपोर्टचं काय, माझा चुलता ऐंशीपर्यंत प्यायला, काही झालं नाही त्याला." मग मी चुलत्याचं खोडून काढलं, त्यांनी शेजाऱ्याचं उदाहरण दिलं, मी फॅटी लिव्हरचा फोटो दाखवला. तासाभरात काकांनी दारू न सोडण्याची इतकी कारणं स्वतःच्या तोंडाने सांगितली की उठताना ते आले होते त्यापेक्षा जास्त ठाम होते. परत आले नाहीत.

यामागचं कारण समजायला मला फार वेळ लागला. माणसाच्या मनात दोन्ही बाजू असतात, आपण एक बाजू ताब्यात घेतली की त्याच्याकडे उरते दुसरी, आणि माणूस जे स्वतः मोठ्याने बोलतो त्यावर त्याचाच विश्वास वाढत जातो. १९९३ मध्ये मिलर आणि सहकाऱ्यांनी सेशन्सची टेप ऐकून हेच मोजलं, थेरपिस्टने जितकं जास्त अंगावर जाऊन सुनावलं तितकी त्या माणसाची दारू वर्षभरानंतर जास्त निघाली. म्हणजे सुनावणं नुसतं वाया जात नाही तर उलटं पडू शकतं.

पुढे काही वर्षांनी चाकणहून आलेल्या एका तिशीतल्या मुलाने जवळपास तेच वाक्य टाकलं, की सगळेच बसतात. तेव्हा मी एवढंच म्हटलं, "शिफ्ट सुटल्यावर त्यांच्यासोबत बसणं हाच दिवसातला तुमचा वेळ आहे, तो सोडला तर एकटं पडायला होईल." तो थोडा वेळ गप्प. मग म्हणाला, "एकटं तर होईलच. पण खरं सांगू का, आता तिथंही मजा नाही राहिली, आधी गप्पा व्हायच्या, आता नुसतं कधी एकदा पोटात जाते असं होतं." हे वाक्य मी कितीही समजावलं असतं तरी मला काढता आलं नसतं. मी फक्त म्हटलं, "गप्पांसाठी जात होता, आता गप्पाच राहिल्या नाहीत." आणि पुढची वीस मिनिटं तोच बोलला.

माहिती द्यायचीच नाही असं नाही हां, द्यायची, पण आधी त्याला काय माहीत आहे ते विचारा, मग "मी थोडं सांगू का?" म्हणून परवानगी घ्या, दोन वाक्यांत सांगा आणि "याबद्दल तुम्हाला काय वाटतं?" म्हणून परत त्याच्याकडे द्या. फोटोंची फाइल टेबलावर ठेवूच नका.

पहिल्या मिनिटाला फॉर्म

कधीपासून घेता, रोज किती, देशी की इंग्लिश, सोबत तंबाखू, घरात अजून कोण पितं, लग्न कधी झालं. एका पाठोपाठ एक चाळीस प्रश्न, आणि माणूस समजून जातो की इथे आपण फक्त उत्तरं द्यायची. नंतर तुम्ही कितीही मोकळं बोला म्हटलं तरी तो पुढच्या प्रश्नाची वाट बघत बसतो. फॉर्म भरायलाच लागतो हे मला मान्य आहे, पण पहिली दहा-पंधरा मिनिटं पेन खाली ठेवा आणि विचारा, "आज इथे यायचं कसं ठरलं?" बऱ्याचदा उत्तर येतं "बायकोने आणलं" किंवा "कंपनीच्या एचआरने पाठवलं". चालेल, तिथूनच सुरू करा. आणि तो झोपेचं किंवा ईएमआयचं बोलायला लागला तर त्याला ओढून दारूवर आणू नका, दारू त्या विषयात आपोआप येते.

आपल्या मराठीतले तीन शब्द: ना, का, पण

पुस्तकं इंग्रजीत असल्यामुळे हे कुठे वाचायला मिळत नाही म्हणून मुद्दाम सांगते. "सोडायची आहे ना?" यातल्या "ना"मध्ये उत्तर आधीच भरलेलं आहे, समोरचा "हो मॅडम" म्हणतो आणि आपण त्याला संमती समजतो. नवीन मुलींना वयाने मोठे पेशंट असले की हे जास्तच होतं, काका मान ठेवून सगळ्याला हो म्हणतात. "हो मॅडम, बरोबर मॅडम" असं सलग चार वेळा आलं की समजायचं माणूस मनाने उठून गेलाय, तिथे थांबून म्हणायचं, "मीच खूप बोलतेय, तुम्हाला यातलं काय पटत नाहीये ते सांगा."

"का पिता?" विचारलं की पिण्याची कारणंच मिळणार. "का" वापरायचंच असेल तर उलट्या बाजूला वापरा, कधी कमी करावीशी वाटली तर ती का वाटली.

आणि "पण". "तुम्हाला मुलीची काळजी आहे, पण रोज घेता." हे वाक्य कितीही प्रेमाने बोला, ऐकणाऱ्याला ते टोमण्यासारखंच लागतं. क्रम बदला आणि "पण"च्या जागी "आणि" घाला. "संध्याकाळी घेतल्याशिवाय चैन पडत नाही, आणि मुलीच्या दहावीच्या वर्षात घरात हे नको असंही वाटतं." आपण वाक्य जिथे सोडतो तिथून माणूस पुढे बोलायला लागतो, म्हणून बदलाची बाजू शेवटी ठेवायची.

अजून एक बारीक गोष्ट. मराठीत प्रश्न आणि विधान यात बऱ्याचदा फक्त आवाजाचा फरक असतो. "भीती वाटते?" असा आवाज वर नेला की चौकशी झाली, तेच "भीती वाटते." असं आवाज खाली सोडून म्हटलं की त्याला आपण ऐकलं असं होतं. सुरुवातीला फार विचित्र वाटतं, चुकीचं ओळखलं तर काय अशी धास्ती असते, पण चुकलं तर तो स्वतःच दुरुस्त करतो आणि त्या दुरुस्तीतच खरं काय ते कळतं.

श्रावण वाया घालवू नका

आपल्याकडे कितीतरी जण गटारी झाली की श्रावण पाळतात, थेट गणपती होईपर्यंत हात लावत नाहीत. आणि आपण काउन्सेलर काय म्हणतो, "त्याला काही अर्थ नाही, नंतर परत सुरू करता ना!" अहो, महिनाभर स्वतःच्या जोरावर कोरडा राहिलेला माणूस तुमच्यासमोर बसलाय, त्याला विचारा की ते कसं जमवलं, मित्र बोलवायला आले तेव्हा काय सांगितलं, आठव्या दिवशी झोप कशी होती. आपल्याला जमू शकतं हा पुरावा त्याच्याकडेच आहे, फक्त आजवर कुणी आदराने विचारलेला नाहीये. माळ घातलेल्यांचंही तसंच.

फक्त एक काळजी, जो रोज भरपूर पितो त्याने श्रावण म्हणून एकदम बंद करणं धोक्याचं असू शकतं, त्याबद्दल खाली लिहिलंय.

तयारी मोजायची ० ते १० पट्टी बरेच जण वापरतात आणि तिथेही उलटं विचारतात. तो ५ म्हणाला की आपण विचारतो "८ का नाही?" आणि तो अडचणींची यादी देतो. विचारायचं असतं, "५ म्हणालात, २ का नाही?" मग तो सोडण्याच्या बाजूची कारणं शोधायला लागतो. जुन्या माणसांना हे आकडे परके वाटतात, त्यांना मी सोळा आण्यांत विचारते. "किती आणे तयारी आहे?" याला "आठ आणे आहे" असं उत्तर झटकन येतं.

घरचे खोलीत असताना

आई रडतेय, भाऊ हिशोब सांगतोय, बायको गप्प, आणि ज्याच्याबद्दल चाललंय तो खाली बघतोय. यात आपण घरच्यांकडे बघून "हो ना, फार त्रास होतो हो" म्हटलं की त्याच्यासाठी आपण त्या पार्टीचे झालो. घरच्यांचा त्रास खराच असतो आणि त्यांनाही वेळ द्यायलाच हवा, फक्त वेगळा द्या. आधी त्याच्याशी एकट्याशी बोला, मग त्यालाच विचारून घरच्यांना आत घ्या. त्यांना स्वतःसाठी आधार लागतो, अल-अनॉनच्या (दारू पिणाऱ्यांच्या घरच्यांचा आधारगट) मीटिंग पुण्यात होतात, येरवड्याचं मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र १९८६ पासून या कामात आहे, तिथेही कुटुंबाला सोबत घेतात.

घरच्यांना एक गोष्ट मात्र स्पष्ट विचारा, चहातून किंवा भाजीतून गुपचूप काही पावडर देताय का. "न कळत दारू सोडवा" असल्या जाहिरातींना लोक फसतात. त्यात डायसल्फिराम (दारूसोबत घेतलं की जोरदार रिअॅक्शन देणारं औषध) असेल आणि वरून तो प्यायला तर जिवावर बेतू शकतं. आणि जीव वाचला तरी कळल्यावर त्याचा घरच्यांवरचा आणि आपल्यावरचा भरवसा संपतो.

"बघू" म्हणजे होकार नव्हे

"बघू", "प्रयत्न करतो", "देवाची इच्छा" हे ऐकून लगेच प्लॅन लिहायला घेऊ नका. इच्छा, जमेल असं वाटणं, कारणं, गरज हे बोलणं आधी येतं, त्यानंतर "शनिवारी पगार झाला की थेट बायकोकडे देतो" असं दिवस-वार असलेलं बोलणं येतं. दुसरं आलं की मगच प्लॅन. आधी घाई केली की माणूस परत मागे सरकतो, आणि तेव्हा त्याला ढकलायचं नाही, आपणच मागे यायचं.

एमआय बाजूला ठेवायची वेळ

हात थरथरतायत, घाम सुटलाय, असंबद्ध बोलतोय, नसलेलं काही दिसतंय, आधी फिट आलेली आहे, अशा वेळी गप्पा नकोत, डॉक्टर हवेत. रोज पिणाऱ्याने अचानक थांबवलं की पहिल्या काही दिवसांत फिट किंवा डिलिरियम (भ्रम होऊन भान हरपणं) होऊ शकतं आणि त्यात माणूस दगावू शकतो. मरणाचं बोलत असेल तरी तेच, थेट विचारायचं, एकटं सोडायचं नाही आणि डॉक्टरकडे न्यायचं. पिऊन आला असेल तर आदराने दुसरी वेळ द्या, हाकलू नका. घरच्यांना रात्री-अपरात्री फोन करायला १४४४६ ही सरकारची व्यसनमुक्ती हेल्पलाइन लिहून द्या.

वर्कशॉप केलं म्हणजे येतं असं नाही

मला दोन दिवसांच्या वर्कशॉपनंतर वाटलं होतं की जमलं. मग एका पेशंटच्या परवानगीने सेशन रेकॉर्ड केलं आणि घरी बसून ऐकलं, मला अक्षरशः रडू आलं, त्याच्या प्रत्येक वाक्यावर माझे दोन प्रश्न. कौशल्य मोजायची जी पद्धत आहे त्यात एका प्रश्नामागे दोन वेळा त्याचं म्हणणं परत मांडणं हे चांगलं धरतात, माझं बरोबर उलटं होतं. मिलर यांच्याच टीमच्या २००४ च्या अभ्यासात दिसलं की नुसत्या वर्कशॉपचा परिणाम टिकत नाही, नंतर फीडबॅक आणि कोचिंग मिळालं तर टिकतो. म्हणून महिन्यातून एक तरी रेकॉर्डिंग सहकाऱ्यासोबत ऐका, फक्त दहा मिनिटांचा तुकडा, प्रश्न किती आणि ऐकून परत मांडलेलं किती ते मोजा.

स्लिप झाल्यावरचा फोन

माणूस गायब होतो तो बहुतेक वेळा परत प्यायला म्हणून, आणि लाजेपोटी. आपण फोन करून "आला का नाहीत?" विचारलं की तो पहिल्याच वाक्याला आरोपी. चाकणचा तो मुलगा तेवीस दिवसांनी घसरला होता, दोन मंगळवार आला नाही. तिसऱ्या मंगळवारी त्याने फोन उचलला तेव्हा मी म्हटलं, "उचललात, बरं वाटलं." बराच वेळ पलीकडून फक्त रस्त्याचा आवाज. मग तो म्हणाला, "मॅडम, परत घेतली." मी म्हटलं, "आणि तरी फोन उचललात. ते तेवीस दिवस कसे काढले ते मला नीट ऐकायचं राहूनच गेलंय." तो म्हणाला, सेकंड शिफ्ट आहे, सकाळी अकराला आलो तर चालेल का?