कागदाखालची सही: फौजदारी न्यायातली व्यावसायिक नीती कशी अभ्यासावी

विधी महाविद्यालयात व्यावसायिक नीतीचा पेपर सोपा समजला जातो. बार कौन्सिलचे नियम पाठ केले, दोन-चार निकालांची नावं टाकली की मार्क पडतात. पीएसआयच्या मुलाखतीला जाणारी मुलंही ‘प्रामाणिकपणा, निःपक्षपातीपणा’ घोकूनच जातात. मी नागपुरात सहायक सरकारी वकील होते, आता निवृत्तीनंतर मुलांना शिकवते. हा विषय असा वरवर उरकला जातो याचं मला फार वाईट वाटतं, कारण त्याची किंमत कोठडीतला माणूस आणि फिर्याद घेऊन आलेली बाई मोजते.

माझी पद्धत एवढीच आहे: सही शोधा. खटल्यातल्या प्रत्येक कागदाखाली कुणीतरी सही केलेली असते. ठाणे अंमलदार, पंच, तपासी अधिकारी, वैद्यकीय अधिकारी, दंडाधिकारी, सगळे सही करतात. त्या सहीचा अर्थ ‘हे मी पाहिलं, हे मी तपासलं’ असा असतो. खरंच पाहिलं होतं का, तपासलं होतं का, हे विचारत एकेक कागद पुढे सरका.

सुरुवात पुस्तकापासून करू नका. सिव्हिल लाइन्समधल्या जिल्हा न्यायालयात जा आणि रिमांड चालतो, म्हणजे अटकेतल्या आरोपीला कुठल्या कोठडीत ठेवायचं हे ठरतं, त्या जेएमएफसी (प्रथम वर्ग न्यायदंडाधिकारी) कोर्टात मागच्या बाकावर बसा. खुल्या न्यायालयात बसायला कुणाच्या ओळखीची गरज नाही. बलात्काराचे आणि बालकांवरच्या लैंगिक अत्याचाराचे खटले बंद दालनात चालतात, तिथे जाऊ नका. मोबाइल बंद ठेवा आणि वहीत आरोपीचं नाव लिहू नका, ‘आरोपी १’ पुरे. उद्या निर्दोष सुटणाऱ्याचं नाव तुमच्या वहीतून बाहेर पडता कामा नये, हा पहिला धडा तिथेच गिरवा.

आता बघायचं काय? पोलीस पीसीआर (पोलीस कोठडी) मागतात, बचावाचा वकील एमसीआर (न्यायालयीन कोठडी) मागतो. दंडाधिकारी आरोपीला विचारतात, ‘पोलिसांविरुद्ध काही तक्रार आहे का?’ या एका प्रश्नावर तुम्ही दिवसभर अभ्यास करू शकता. प्रश्न विचारताना आरोपीचा हात कुणाच्या हातात होता? उत्तर देण्याआधी त्याने कुणाकडे पाहिलं? त्याला वकील होता का, की तिथल्या तिथे विधी सेवा प्राधिकरणाचा वकील उभा केला आणि दोघांचं बोलणंच झालं नाही? प्रश्न समजेल अशा भाषेत विचारला का? गोंडी बोलणाऱ्या माणसाला हिंदीत विचारून ‘काही तक्रार नाही’ लिहिलं गेलं, तर त्या ओळीखालची सही किती खरी?

घरी आल्यावर कायदा काढा, तो आता डोक्यात राहील. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू आहे. कलम ४७ प्रमाणे अटकेची कारणं सांगावी लागतात, कलम ५८ प्रमाणे प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांत दंडाधिकाऱ्यांसमोर न्यावं लागतं. सात वर्षांपर्यंत शिक्षेच्या गुन्ह्यांत अटक खरंच हवी का, की कलम ३५(३) ची नोटीस पुरेल, हा प्रश्न तपासी अधिकाऱ्याने आधी स्वतःला विचारायचा असतो. अर्नेश कुमार निकालात (२०१४) सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की कारणं न तपासता रिमांड देणारा दंडाधिकारीही कारवाईला पात्र ठरतो. डी. के. बसू निकाल (१९९६) अटकेचा मेमो, त्यावर साक्षीदाराची आणि आरोपीची सही, नातेवाइकाला खबर, कोठडीत दर ४८ तासांनी वैद्यकीय तपासणी, हे सगळं मागतो. मागच्या बाकावरून पाहिलेलं आणि हे शेजारी शेजारी मांडा. मधली दरी हाच तुमचा अभ्यासक्रम.

मग एक अख्खा खटला वाचा. ओळखीच्या वकिलांना निकाल लागलेल्या एखाद्या चोरीच्या किंवा मारामारीच्या खटल्याचे कागद मागा, पण न्यायालयात दाखल झालेलेच: दोषारोपपत्र, जबाब, निशाणी पडलेले (पुरावा म्हणून क्रमांक मिळालेले) दस्त, निकाल. अशिलाने वकिलाला सांगितलेलं काहीही तुमच्यापुढे यायला नको. वकील फाइलमधले काही कागद काढून मगच ती तुमच्या हातात देत असतील, तर समजा की गुरू बरोबर निवडलात.

फाइल उलटी वाचा, निकालापासून फिर्यादीकडे. पंचांच्या उलटतपासणीवर रेंगाळा, कारण सगळ्यात जास्त शिकायला मिळतं ते तिथेच. पंच म्हणजे जागेवर जे दिसलं ते दिसलं म्हणून सांगणारा तटस्थ माणूस. प्रत्यक्षात ठाण्याजवळचा टपरीवाला किंवा रिक्षावाला उचलला जातो, आणि मग तो साक्षीत सांगतो, ‘साहेबानं म्हटलं तिथं सही मारली, मॅडम.’ हे वाक्य मी सरकार पक्षाच्या टेबलाशी उभी राहून ऐकलेलं आहे. खरा मुद्देमाल, खरा आरोपी, आणि या एका सहीपायी खटला गेला. म्हणून पंचनाम्याची सुरू झाल्याची आणि संपल्याची वेळ स्टेशन डायरीतल्या नोंदीशी ताडून पाहा. अधिकारी त्या वेळी दुसऱ्या कुठल्या कागदावर हजर दिसतो का? तोच पंच दुसऱ्या गुन्ह्यातही आहे का? दोन वेगळ्या साक्षीदारांचे जबाब शब्दाला शब्द सारखे आहेत का? आता कलम १०५ मुळे झडती-जप्तीचं चित्रीकरण करावं लागतं, पण कॅमेरा कधी चालू केला, हे ठरवणाराही माणूसच असतो.

बार कौन्सिलचे नियम यानंतर वाचा. त्यात एकाला लागून एक दोन नियम आहेत. पहिला सांगतो की आरोपी दोषी आहे असं मनात असलं तरी वकिलाने त्याचा निर्भयपणे बचाव करावा. दुसरा सरकार पक्षाला सांगतो की निर्दोष माणसाला शिक्षा होईल असं वागू नका, त्याचं निर्दोषत्व दाखवू शकणारा पुरावा दडपू नका. शिक्षेचा आकडा हे सरकारी वकिलाचं यश नव्हे, हे मी ज्युनिअरना कळकळीने सांगत आले. वरून फोन आला, वर्तमानपत्रात मथळे आले, तरी हा नियम बदलत नाही.

विदर्भातल्या मुलांनी एक निकाल मुळातून वाचावाच: तुकाराम विरुद्ध महाराष्ट्र राज्य. त्या मुलीचं नाव सर्वत्र छापलं गेलंय, तरी मी वर्गात घेत नाही, तुम्हीही घेऊ नका. २६ मार्च १९७२ च्या रात्री, तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या देसाईगंज ठाण्यात, भावाच्या तक्रारीवरून आलेल्या या आदिवासी मुलीला बाकीच्यांना बाहेर काढून थांबवून घेतलं गेलं, आणि तिच्यावरच्या लैंगिक अत्याचारासाठी ठाण्यातल्याच दोन पोलिसांवर खटला चालला. सत्र न्यायालयाने दोन्ही पोलिसांना सोडलं. नागपूर खंडपीठाने १९७६ मध्ये तो निकाल फिरवला: भीतीने पत्करलेली शरणागती म्हणजे संमती नव्हे. १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा सोडलं, अंगावर जखमा नसण्याला मोठं वजन देऊन. पुढच्या वर्षी उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर या चार प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं, आणि १९८३ मध्ये बलात्काराचा कायदा बदलला. वाचताना एक यादी करा: त्या रात्री ठाण्यात हजर असलेला प्रत्येक जण, नंतरचा डॉक्टर, तिन्ही न्यायालयं, ते प्राध्यापक. प्रत्येकासमोर लिहा, त्याच्या हातात त्या क्षणी काय होतं.

१३ ऑगस्ट २००४ ला नागपूरच्या जिल्हा न्यायालयातच कस्तुरबा नगरातल्या जमावाने त्या वस्तीतला गुंड अक्कू यादव याला ठार मारलं, तो विषय निघाला की वर्गात दोन तट पडतात. वाद लगेच घालू नका. वस्तीतल्या बायकांचं म्हणणं होतं की वर्षानुवर्षं त्यांच्या तक्रारी ऐकल्याच गेल्या नाहीत, म्हणून आधी ठाण्याकडे वळा: कुठली फिर्याद नोंदली, कुठली परत पाठवली? दखलपात्र गुन्ह्याची खबर आली की नोंद बंधनकारक आहे, हे ललिता कुमारी निकालाने २०१३ मध्ये पक्कं केलं. त्याचबरोबर, कोठडीतल्या माणसाचा जीव सांभाळण्याची जबाबदारी त्या दिवशी कुणाची होती, हेही तितक्याच ठामपणे विचारा. पहिला प्रश्न आवडला म्हणून दुसरा गाळू नका.

तुरुंग, परिविक्षा (प्रोबेशन), न्यायवैद्यक यांवर परीक्षेपुरतं वाचलं तरी चालेल, सहीचा प्रश्न तिथेही तसाच लागू पडतो.

शक्य असेल तर एकट्याने अभ्यास करू नका. एलएलबीची दोन मुलं आणि भरतीची तयारी करणारी दोन मुलं एकत्र बसा. नावं झाकलेला एक पंचनामा घ्या. वकील होऊ पाहणाऱ्याने तपासी अधिकारी म्हणून त्याचं समर्थन करायचं, पोलीस होऊ पाहणाऱ्याने उलटतपासणी घ्यायची. अर्ध्या तासाने बाजू बदला, आणि कागदातली जी वेळ कुणालाच जुळवता आली नाही तिच्यावर लाल खूण करून पुढच्या बैठकीत तिथूनच सुरू करा.