नवरा गेलेल्या बाईचा सातबारा: मोफत काम शेवटापर्यंत कसं न्यावं

पीककर्जासाठी बँक सगळ्यांत आधी सातबारा मागते. त्यावर नाव नवऱ्याचं, आणि नवरा हयात नाही, म्हणजे कर्ज नाही. मग बियाणं-खत कृषी केंद्रातून उधारीवर येतं, नाहीतर सावकाराकडून पैसा येतो, आणि पहिल्याच हंगामात बाई अडकते. हे टाळायला लागते एक वारस नोंद, म्हणजे सातबाऱ्यावर मयताच्या जागी वारसांची नावं लावणं. शुल्क जवळजवळ नाही, कायदा सरळ आहे, तरी वर्षानुवर्षं होत नाही. कारण प्रत्येक टप्प्यावर एक कागद कमी पडतो आणि तो कोणता हे तिला कोणी सांगत नाही. तालुक्याच्या कोर्टात बसणारे वकील, निवृत्त तलाठी, अर्जनवीस, सेतू केंद्र चालवणारे, यांनी मिळून मोफत करावं असं हेच काम आहे.

मोफत शिबिरं बहुतेक एका दिवसातच संपतात. भाषण, सल्ला, फोटो, आणि बाई होती तिथेच. म्हणून आधी ठरवा की सल्ला द्यायचा नाही, नोंद मंजूर करून द्यायची. एका वकिलाने एका वेळी आठ-दहा कुटुंबांपेक्षा जास्त घेऊ नयेत. चाळीस अर्ज गोळा करून दहा मंजूर होण्यापेक्षा दहा घेऊन दहाही मंजूर झालेले बरे. नाहीतर उरलेल्या तीस बायका पुन्हा कुठल्याच शिबिराला येणार नाहीत.

वेळ जूनपासून उलटी मोजा. खरीप कर्जाचं वाटप एप्रिलपासून सुरू होतं. वारस नोंदीत हितसंबंधितांना पंधरा दिवसांची नोटीस असतेच. त्याआधी कागद जुळवायला महिना, आणि नंतर मंडळ अधिकाऱ्याच्या मंजुरीसाठी आणखी काही दिवस. म्हणजे गावात बसायचं ते जानेवारीअखेर किंवा फेब्रुवारीत. कापसाची वेचणी सरत आलेली असते, पण तूर-हरभऱ्याची कामं चालू असतात, तेव्हा दुपारी कोणी सापडणार नाही. संध्याकाळी सातनंतर बसा.

जागा अंगणवाडी, शाळा किंवा समाजमंदिर. दिराच्या घरी किंवा पाटलाच्या ओसरीवर कधीच नाही, कारण ज्यांच्याविरुद्ध हक्क सांगायचा त्यांच्याच अंगणात बाई तोंड उघडत नाही. निरोप आशाताई, बचत गट आणि ग्रामपंचायतीच्या भोंग्यावरून द्या. वकिलाच्या नावाचा नि फोटोचा फलक लावू नका. जाहिरात करून काम मिळवायला बार कौन्सिलच्या नियमांत बंदी आहे, आणि सेवेच्या नावाखाली केलेली जाहिरात जाहिरातच असते.

पहिल्या बैठकीत काय पाहायचं

आधी मृत्यूचा दाखला. मृत्यूची नोंद जिथे मृत्यू झाला तिथे होते, गावात नाही. माणूस नागपूरच्या मेडिकलमध्ये, म्हणजे सरकारी रुग्णालयात, वारला असेल तर दाखला नागपूर महापालिकेकडे मिळेल, आणि ग्रामपंचायतीत सहा महिने खेटे घालूनही काही हाती लागणार नाही. २१ दिवसांत खबर दिली तर नोंद विनाशुल्क होते. वर्ष उलटून गेलं असेल तर जिल्हाधिकारी, उपविभागीय अधिकारी किंवा त्यांनी अधिकार दिलेल्या कार्यकारी दंडाधिकाऱ्याचा आदेश लागतो. असं प्रकरण निघालं तर ते आधी हाती घ्या, बाकी सगळं त्याच्यावर अडलेलं असतं.

मृत्यू अनैसर्गिक असेल तर मर्गचे, म्हणजे आकस्मिक मृत्यूच्या पोलीस नोंदीचे, कागदही त्याच दिवशी मागा: पोलिसांची खबर, मरणोत्तर पंचनामा, शवविच्छेदन अहवाल. हे वारस नोंदीला लागत नाहीत, पण इथे दुसरा पैसा अडकलेला असतो. गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेत अपघाती मृत्यूला २ लाख रुपये आहेत. वीज पडणं, सर्पदंश, विजेचा धक्का, फवारणीतली विषबाधा हे सगळं त्यात येतं. आत्महत्या येत नाही. अर्जाची मुदत ३० दिवसांची आहे, म्हणून अलीकडे मृत्यू झालेलं घर यादीत सगळ्यांत वर ठेवा. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने माणसं गेली. तेव्हापासून या भागात तरी हे कोणाला समजावून सांगावं लागू नये, पण पंचनाम्यात घाईत ‘विष प्राशन’ हे दोन शब्द पडले की दावा तिथेच अडतो. शेजारच्या वावरातल्या मजुराने फवारणी पाहिली असेल, दवाखान्याच्या केसपेपरवर ‘फवारणी करताना’ असं लिहिलेलं असेल, तर तो जबाब आणि तो केसपेपर लगेच मिळवून अर्जाला जोडा.

आत्महत्या असेल तर वाट वेगळी. १ लाखाची मदत आहे. त्यातले ३० हजार हाती मिळतात आणि ७० हजार ठेवीत जातात. पात्र-अपात्र जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालची समिती ठरवते आणि जमीन व कर्ज यांचे कागद पाहते. अपात्र ठरवलं असेल तर कारण लेखी मागून घ्या, तोंडी नको.

आता सातबारा. १५ रुपयांत डिजिटल सहीचा निघतो. सोबत आठ-अ, म्हणजे खातेउतारा, काढा. नावाच्या रकान्यात तीन गोष्टी बघायच्या.

नाव खरंच मयताचं आहे का? पुष्कळदा ते अजून आजोबांचं असतं, किंवा थोरल्या भावाचं असून पुढे ‘ए.कु.मॅ.’ किंवा ‘ए.कु.क.’ लिहिलेलं असतं, म्हणजे एकत्र कुटुंबाचा मॅनेजर किंवा कर्ता. आजोबा वारले असतील तर आधी त्यांचे सगळे वारस लावावे लागतात. त्यात हिचा नवरा मृत मुलगा म्हणून दाखवायचा आणि त्याच्या जागी बायको-मुलं. सासरा हयात असेल तर वारस नोंद होतच नाही. जमीन वडिलोपार्जित असेल आणि घर राजी असेल, तर जमीन महसूल संहितेच्या कलम ८५ खाली तहसीलदारापुढे वाटप करून घेता येतं. राजी नसेल तर दिवाणी दावा. हे पहिल्याच दिवशी बाईला स्पष्ट सांगा. ‘होऊन जाईल’ म्हणून पाठवू नका.

दुसरं, आधार आणि सातबाऱ्यावरचं नाव जुळतं का. फरक लेखनप्रमादाचा असेल तर कलम १५५ खाली दुरुस्ती होते. तिसरं, जमीन भोगवटादार वर्ग १ ची की वर्ग २ ची (वर्ग २ ची जमीन सरकारी परवानगीशिवाय विकता येत नाही), आणि ‘इतर हक्क’ या रकान्यात बँकेचा बोजा आहे का. बोज्याची भीती घालून नोंद टाळायला लावणारे भेटतात. वारसांना मयताचं कर्ज त्यांच्या हाती आलेल्या मिळकतीच्या मर्यादेतच द्यावं लागतं, आणि वारस नोंद केली नाही म्हणून बोजा काही पुसला जात नाही.

वंशावळ: सगळी चूक इथेच होते

वंशावळ बाईच्या तोंडून घ्या आणि स्वतः लिहा. कोऱ्या कागदावर मयताचं नाव मध्ये, खाली मुलं वयानुसार, बाजूला बायको, वर आई. आई हटकून विसरली जाते. हिंदू उत्तराधिकार कायदा १९५६ प्रमाणे ती बायको-मुलांसारखीच वर्ग एकची वारस आहे, वडील मात्र नाहीत. समजा स्वकष्टार्जित १ हेक्टर ६२ आर, म्हणजे चार एकर जमीन आहे, आणि मागे बायको, दोन मुली नि आई आहेत. चौघींचा सारखा हिस्सा, प्रत्येकीला सुमारे ४० आर. लग्न झालेली मुलगी ‘दिली घरी’ म्हणून वगळलीत तर नोंद आज मंजूर होईल आणि उद्या अपिलात जाईल. बाईने पुढे दुसरं लग्न केलं तरी नवऱ्याच्या मृत्यूवेळी तिला मिळालेला हिस्सा जात नाही. हे तिच्यासमोरच नाही, सासरच्यांसमोरही एकदा मोठ्याने सांगा.

बौद्ध कुटुंबांना हाच कायदा लागू आहे. मुस्लिम कुटुंबात हिस्से वेगळे पडतात. गोंड, कोलाम, कोरकू अशा अनुसूचित जमातींना हा कायदा थेट लागू नाही, तिथे रूढी पाहिली जाते. पण ‘आमच्यात बायकांना देत नाहीत’ एवढं म्हणून भागत नाही. तशी रूढी खरोखर आहे हे सिद्ध करता आलं नाही तर स्त्रीला समान वाटा नाकारता येणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने १७ जुलै २०२५ च्या निकालात म्हटलं आहे.

अज्ञान म्हणजे अल्पवयीन मुलांची नावं ‘अ.पा.क. आई’ (अज्ञान पालनकर्ता आई) अशी लागतात. अज्ञानाचा हिस्सा जिल्हा न्यायालयाच्या परवानगीशिवाय विकता येत नाही हे अर्जाच्या दिवशीच सांगून ठेवावं, कारण पहिला गिऱ्हाईक बहुधा घरातलाच असतो. मुलींची नावं भोगवटादाराच्या, म्हणजे जमीन धारण करणाऱ्याच्या, रकान्यात लागली की इतर हक्कात ढकलली, हेही मंजुरीनंतर तपासायचं आहे.

आणि हक्कसोड. ‘सही दे, वर्षाला दोन पोते ज्वारी देतो’ असं म्हणणारा भाऊ-दीर प्रत्येक गावात आहे. साध्या कागदावरचं किंवा नोटरीचं हक्कसोड पत्र चालत नाही, दुय्यम निबंधकाकडे नोंदवावंच लागतं. बाईचं मोफत काम करताना त्याच बैठकीत तिच्याविरुद्ध हक्कसोड लिहून देऊ नका, ती हो म्हणाली तरी. आधी नाव लागू द्या, पुढचं तिला मग ठरवू द्या.

अंगठा कोऱ्या कागदावर कधीही घ्यायचा नाही. लिहिलेलं शेवटच्या ओळीपर्यंत वाचून दाखवा, ‘समजलं का’ असं विचारू नका, ‘काय लिहिलं सांगा बरं माय’ असं विचारा. तिने आपल्या शब्दांत सांगितलं की मग अंगठा. मूळ कागद ठेवून घेऊ नका. मोबाईलवर फोटो काढून तिथेच परत द्या, आणि काय पाहिलं याची यादी तिच्या पिशवीत ठेवा.

अर्ज आणि त्यानंतरचे दिवस

अर्ज तलाठ्याकडे, म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे, किंवा ई-हक्क प्रणालीतून. जोडायचं ते एवढंच: मृत्यूचा दाखला, सातबारा, आठ-अ, वंशावळीसह प्रतिज्ञापत्र, सगळ्या वारसांचे आधार. सरकारी कार्यालयात द्यायच्या प्रतिज्ञापत्राला मुद्रांक शुल्काची माफी २००४ पासून आहे. ५०० चा स्टॅम्प आणायला सांगणाऱ्याला नम्रपणे ही सवलत दाखवा. संहितेच्या कलम १४९ मध्ये तीन महिन्यांत कळवायचं म्हटलं असलं तरी उशीर झाला म्हणून वारसाचा हक्क बुडत नाही.

पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडायची नाही. नोंद आधी वारस नोंदवहीत म्हणजे सहा-क मध्ये, मग फेरफारात. फेरफार क्रमांक पडला की नमुना ९ ची नोटीस निघते, ती ‘आपली चावडी’वर दिसते. नोटीस प्रत्येक वारसाला मिळाली का हे स्वतः फोन करून विचारा. पुण्या-मुंबईला कामाला गेलेल्या भावाला मिळाली नाही म्हणून अडलेले फेरफार थोडे नसतात. हरकत आली तर मंडळ अधिकाऱ्यापुढे सुनावणी होते. निकाल विरुद्ध गेला तर उपविभागीय अधिकाऱ्याकडे ६० दिवसांत अपील. बाईला एक गोष्ट सांगून ठेवा: फेरफार मालकी ठरवत नाही, मालकीचा वाद दिवाणी कोर्टाचा.

‘जिवंत सातबारा’ मोहीम बुलढाणा जिल्ह्यातून सुरू होऊन १ एप्रिल २०२५ पासून राज्यभर नेली. तशी मोहीम गावात चालू असेल तर तिच्याच यादीत आपली नावं घालून घ्या, वेगळा झेंडा नको.

वहीत प्रत्येक घराला एक पान. पोचेची तारीख, फेरफार क्रमांक, नोटिशीचा पंधरावा दिवस, पुढे कोण जाणार त्याचं नाव. ‘आपण’ असं लिहू नका, माणसाचं नाव लिहा. ज्या पानावर दहा दिवस काही लिहिलं गेलं नाही, त्या घरी फोन झालाच पाहिजे. तहसीलच्या खेपेला बाईची रोजी बुडते, म्हणून तिची हजेरी खरोखर लागते त्याच दिवशी तिला बोलवा.

फी, सूट आणि कोर्ट

‘मोफत’ म्हटलं की त्यात काय नाही तेही पहिल्या दिवशी सांगा. आमची फी नाही, पण उतारे आणि झेरॉक्स यांचे पैसे लागतील, आणि ते संबंधित खिडकीवर तुम्हीच भरा. वकिलाच्या हातात रोख नको, शंभर रुपयेसुद्धा. एकदा घेतले की गावात ‘साहेबाला द्यावे लागतात’ हे पसरतं आणि तलाठी कार्यालयाच्या नावाने दुसराच कोणी वसुली सुरू करतो.

प्रकरण दाव्यात गेलं तर एकट्याने खांद्यावर घेऊ नका. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम १९८७ च्या कलम १२ प्रमाणे स्त्रीला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो, कोर्ट फीसुद्धा त्यात येते. अर्ज तालुका न्यायालयातल्या विधी सेवा समितीत, फोन १५१००. पॅनेलवरच्या वकिलाला तिच्याकडून पैसे घेता येत नाहीत, हे तिला माहीत पाहिजे. वरूड-मोर्शीकडच्या संत्रा बागाइतदारांसारखं कुटुंब सुखवस्तू असेल तर सवलतीची फी घ्यायला हरकत नाही, पण आकडा आधी ठरवून लिहून द्या. ‘जमीन सुटली की चौथाई’ असला करार कितीही गोड बोलून केला तरी निकालावर बांधलेली फी ठरते, आणि तिला नियमांत मनाई आहे.

नोंद मंजूर झाली की नवा सातबारा काढून घरी न्या. गट क्रमांक, क्षेत्र आणि तिचं नाव बोट ठेवून वाचून दाखवा. मुलींची नावं बरोबर रकान्यात आहेत का ते तिच्यासमोर पाहा. मग त्याच आठवड्यात बँकेत किंवा सेवा सोसायटीत तिच्यासोबत एकदा जा: खातं तिच्या नावाचं, आधार जोडलेला, जुन्या कर्जाचा उतारा हातात. ३ लाखांपर्यंतचं पीककर्ज मुदतीत फेडलं तर पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेमुळे व्याज शून्य पडतं, तेव्हा फेडीची शेवटची तारीख सातबाऱ्याच्या मागे मोठ्या अक्षरात लिहून द्या. घरात वार्षिक उत्पन्न २१ हजारांच्या आत असेल तर संजय गांधी निराधार योजनेच्या दरमहा १५०० रुपयांचा अर्जही त्याच खेपेत तहसीलला देता येतो. हे झालं की वहीतलं पान बंद करा, आणि बंद केल्याची तारीख घाला.