‘अँटिरॅकिटिक’ मराठीत आणताना या चुका टाळा

आरोग्यविषयक अनुवाद तपासताना या इंग्रजी विशेषणाशी (antirachitic) माझी गाठ पडते आणि बहुतेक वेळा नेमकं तेच वाक्य बिघडलेलं असतं. मुडदूस होऊ न देणारं किंवा झालेला बरा करणारं, असा त्याचा अर्थ.

उच्चार ‘रॅचिटिक’ नव्हे. मूळ ग्रीक शब्द ‘राखिस’, म्हणजे पाठीचा कणा. म्हणून मध्ये ‘क’.

सर्वांत घातक चूक अर्थाची. ‘रॅकायटिस’ हे मुडदुसाचं वैद्यकीय नाव. त्याचा शेवट ‘आर्थ्रायटिस’सारखा (सांध्यांचा दाह) दिसतो आणि अनुवादक ‘कण्याचा दाह’ लिहून मोकळे होतात. मुडदुसात दाह नसतो. ड जीवनसत्त्व, कॅल्शियम किंवा फॉस्फरस कमी पडलं की वाढत्या हाडांत खनिजं नीट बसत नाहीत. हाडं मऊ राहतात, मूल चालू लागलं की पाय वाकतात. ग्रीकमध्ये शेवटचा ‘-आयटिस’ हा प्रत्यय फक्त ‘अमक्याशी संबंधित’ एवढंच सांगतो. दाहाचा अर्थ त्याला वैद्यकात नंतर चिकटला. इंग्लंडमधले लोक या आजाराला ‘रिकेट्स’ म्हणतच होते. तिथलेच वैद्य फ्रान्सिस ग्लिसन यांनी १६५० साली त्यावर लॅटिन ग्रंथ लिहिला, तेव्हा कण्याशी नातं सांगणारं आणि लोकांच्या शब्दाच्या जवळ जाणारं ‘रॅकायटिस’ हे नाव निवडलं. लोकांच्या बोलीचा असा मान राखणारा वैद्य मला फार मोठा वाटतो.

‘अँटि’ पाहून ‘जंतुनाशक’ लिहू नका. मुडदूस जंतूंमुळे होत नाही.

‘मुडदूसप्रतिबंधक’ हा प्रतिशब्द चांगला, पण सगळीकडे चालत नाही. १९२२ साली अमेरिकन जीवरसायनशास्त्रज्ञ मॅककॉलम आणि सहकाऱ्यांनी कॉड माशाच्या यकृताचं तेल तापवून त्यात हवा सोडली. त्यातलं अ जीवनसत्त्व नष्ट झालं, तरी मुडदूस झालेले उंदीर त्या तेलाने सुधारले. त्या घटकालाच पुढे ‘ड’ हे नाव मिळालं. अशा ठिकाणी ‘मुडदुसावर गुणकारी’ म्हणावं.

‘अँटिरॅकिटिक किरण’ म्हणजे नुसतं ‘ऊन’ही नव्हे. ते अतिनील किरण आहेत आणि खिडकीची साधी काच त्यांतले उपयोगी किरण जवळजवळ सगळे अडवते. ‘बाळाला उन्हात ठेवा’ एवढंच छापलं, तर आई त्याला बंद काचेमागे ठेवील.

लिहिताना समास जोडूनच लिहा: ‘मुडदूसप्रतिबंधक’. त्यात ‘दू’ दीर्घ राहतो. विभक्तीचा प्रत्यय लागला की ऱ्हस्व होतो: मुडदुसाचा, मुडदुसाने.