टेन्शनवर गोळी मागण्याआधी या चुका टाळा

सांगलीत औषधाचं दुकान चालवायला लागून मला बावीस वर्षं झाली. "जरा बीपी बघा की" आणि "झोप लागंना, कायतरी द्या" ही दोन वाक्यं रोज कानावर पडतात. मी डॉक्टर नाही. पण त्याच त्याच चुका काउंटरच्या अलीकडून बघून कंटाळा आलाय.

सगळ्यात डोक्यात जाणारी चूक म्हणजे उठसूट बीपी मोजणं. ताण आला की ॲड्रिनलिन आणि कॉर्टिसॉल ही हार्मोन्स वाढतात, छाती धडधडते, रक्तदाब चढतो. ताण ओसरला की बऱ्याचदा उतरतोही. पण भीतभीत मशीनकडे बघणं हासुद्धा ताणच की! आमच्या गल्लीतल्या एका निवृत्त गुरुजींना मुलानं मशीन पाठवलं. एका रविवारी त्यांनी चौदा वेळा मोजलं. वहीत सुवाच्य अक्षरात आकडे: १३८, १४६, १५२, १६४. शेवटी स्वतःच्या मनानं गोळी दुप्पट घेतली आणि संध्याकाळी माझ्या पायरीवर मटकन बसले. डोळ्यांपुढं अंधारी, दंडावर पट्ट्याचे वळ. मी मोजलं तर ९८/६०. रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. वर वाटेत मलाच विचारतात, "मशीन बिघडलंय का हो?"

मशीन बहुतेक वेळा ठीकच असतं. माणूस जिना चढून येतो, चहा ढोसून येतो, हात लोंबता ठेवतो आणि मोजताना सुनेच्या तक्रारी सांगतो. मी आधी लघवीला जाऊन यायला सांगतो, मग खुर्चीत पाच मिनिटं गप्प बसवतो. पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, हात छातीच्या उंचीला. घरी मोजायचं तर सकाळी दोनदा, संध्याकाळी दोनदा, मधे मिनिटभर थांबून. आठवडाभरानं वही डॉक्टरांना दाखवा आणि ते सांगतील तेवढंच मोजा. गोळी कमीजास्त करायची तीही त्यांनीच.

गुरुजींना हसायचा हक्क मला नाही म्हणा. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांवर गेली आणि दुकानात पाणी शिरलं. त्यानंतर पाऊस लागला की माझा मोबाइल हातातून सुटायचा नाही. कोयनेतून किती सोडलं, पुलाजवळ पाणी किती फुटांवर, रात्री दोनलाही तेच. मान आखडलेली, पोटात जळजळ, बायकोवर खेकसणं. ॲसिडिटीच्या गोळ्या घरच्याच, दोन महिने खाल्ल्या! आता काउंटरमागं कागद चिकटवलाय: ३० फुटाला खालच्या फळ्या रिकाम्या, ३५ ला इन्सुलिन भावाच्या फ्रिजमध्ये, ४० ला, म्हणजे इशारा पातळीला, शटर खाली. पाणी चढतं नसेल तर आकडा सकाळी सातला आणि रात्री नऊला बघायचा. जळजळ त्या कागदानं गेली की काय, माहीत नाही, पण गोळ्या सुटल्या.

झोपेच्या गोळीचं म्हणाल तर अल्प्राझोलम शेड्यूल एच-वनमध्ये येतं. चिठ्ठी लागते, वेगळ्या वहीत नोंद करावी लागते. "शेजारणीला दिलीसा की" हे मला सांगू नका. या गोळीची सवय लागते, आणि सवय लागल्यावर एकदम बंद केली तर झोप आणखी उडते, प्रसंगी फिटही येते. रात्री बारापर्यंत मोबाइल बघणाऱ्यालाच बाराच्या ठोक्याला झोप हवी असते.

दारूनं डोळा लागतो, पण पहाटे झोप मोडते. संध्याकाळी पाचनंतर मी चहा घेत नाही, कारण कॅफिन निम्मं उतरायलाच पाच-सहा तास जातात. तीन दिवस प्राणायाम करून "फरक न्हाई" म्हणणाऱ्यांशी मी वाद घालत नाही. इथल्या आमराई बागेत महिनाभर रोज अर्धा तास चाला, मग बोलू.

एक मात्र ध्यानात ठेवा. छातीवर दाब, घाम, हातात किंवा जबड्यात कळ असेल तर "टेन्शन असंल", "गॅस असंल" म्हणून माझ्याकडं येऊ नका, १०८ ला फोन लावा.

आणि आठवडेच्या आठवडे मन लागत नसेल, जगणं नकोसं वाटत असेल तर टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर आहे. फुकट आहे, रात्रीही लागतो, मराठीत बोलतात. चिठ्ठीशिवाय गोळी मागायला येणाऱ्याला मी हाच नंबर पाकिटावर लिहून देतो. बरीच पाकिटं शटर ओढताना पायरीवर सापडतात.