तिमाही निकाल वेळेवर हवेत? आधी ऑडिट कमिटीची माणसं मोजा

३० मे, वर्षाचा निकाल शेअर बाजाराला देण्याचा शेवटचा दिवस, दुपारचे साडेतीन. हिशेब तयार, ऑडिटर सहीसाठी पेन काढून बसलेले, सीएफओंनी तर पेढेसुद्धा मागवलेले. आणि आमच्या ऑडिट कमिटीची, म्हणजे निकाल बोर्डाकडे जाण्याआधी तपासणाऱ्या संचालकांच्या समितीची, मीटिंग कोरमअभावी (किमान हवी तेवढी माणसं हजर नसल्याने) बारगळली. कमिटीत माणसं तीन: दोन स्वतंत्र संचालक (कंपनीत किंवा मालकांशी हितसंबंध नसलेले) आणि आमचे एमडी. त्या दोघांतले एक सपत्नीक केदारनाथला गेले होते. ‘गुप्तकाशीहून व्हिडिओवर बसतो, काळजी करू नका,’ म्हणाले होते. सव्वातीनपासून त्यांचा फोन संपर्क क्षेत्राच्या बाहेर.

निकाल गेला २ जूनला. दंड दिवसाला ५,००० रुपये, वर जीएसटी. रक्कम तशी किरकोळ. पण त्या दंडाचा कागद पुढच्या बोर्ड मीटिंगसमोर ठेवावा लागतो, ते जास्त झोंबतं.

पुण्याजवळच्या एका छोट्या लिस्टेड (शेअर बाजारात नोंदलेल्या) कंपनीत मी कंपनी सेक्रेटरी आहे, म्हणजे कायद्याची पूर्तता बघणारी. या खुर्चीत नव्याने बसणाऱ्यांसाठी, त्या दुपारनंतर मी काय काय बदललं ते सांगते. उशीर झाला की सगळे अकाउंट्सकडे बोट दाखवतात. माझा अनुभव असा की बोर्डावर कोण आहे आणि ते आणखी कुठे कुठे आहेत, हे आधी बघावं.

सुरुवात कमिटीच्या गणितापासून करा. लिस्टेड कंपनीच्या ऑडिट कमिटीत किमान तीन संचालक लागतात, त्यातले दोन-तृतीयांश स्वतंत्र. तिघांत दोन स्वतंत्र असले की नियम पाळला जातो, म्हणून बहुतेक छोट्या कंपन्या तिथेच थांबतात. पण कोरमसाठीही किमान दोन स्वतंत्र संचालक हजर लागतात! म्हणजे दोघांपैकी एकालाही ताप येऊन चालत नाही. कमिटी चारची करा. चारचे दोन-तृतीयांश म्हणजे पावणेतीनच्या आसपास, म्हणून स्वतंत्र तीन घ्यावे लागतात. कोरम मात्र दोघांचाच राहतो. एक माणूस हाताशी शिल्लक. आमच्या एमडींना हे पटवायला एका सिटिंग फीचा खर्च आणि दंडाच्या त्या कागदाची झेरॉक्स एवढंच पुरलं.

मग या माणसांच्या डायऱ्या. तिमाहीचा निकाल ४५ दिवसांत आणि वर्षाचा ६० दिवसांत द्यायचा असतो. त्यामुळे १४ ऑगस्ट, १४ नोव्हेंबर, १४ फेब्रुवारी आणि ३० मे या तारखा साऱ्या देशाच्या एकच. शेअर बाजाराची नियामक सेबी एका माणसाला सात लिस्टेड कंपन्यांवर बसू देते. असा माणूस तुमच्याकडे असेल तर मेच्या शेवटच्या आठवड्यात त्याच्याकडे सात लग्नांची आमंत्रणं आहेत असं समजा, आणि तुमचं लग्न सगळ्यात छोटं. आर्थिक वर्षाच्या पहिल्या बोर्ड मीटिंगला संचालक एमबीपी-१ फॉर्म देतात, त्यात त्यांच्या बाकीच्या कंपन्यांची नावं असतात. तो फायलीत लावून मोकळे होऊ नका. त्या कंपन्यांनी गेल्या वर्षी निकाल कोणत्या तारखांना दिले ते एक्स्चेंजच्या साइटवर सापडतं. त्या तारखा टाळून आपल्या चारही मीटिंगा जानेवारीतच ठरवा. मी मेची मीटिंग आता २२ ते २५च्या दरम्यान घेते; काही बिनसलंच तर पाच दिवस हातात राहतात.

आता कमिटीचा अध्यक्ष. तो स्वतंत्र असला पाहिजे, हा नियम. पण निकालाची तारीख खरी त्याच्या सवयींवर ठरते. आमचे सध्याचे अध्यक्ष बँकेतून निवृत्त झालेले. ७ एप्रिलच्या आसपास त्यांचा फोन येतो: ‘माल मोजून झाला का?’ मग ‘एकशेऐंशी दिवसांवरच्या येण्यांची यादी पाठवा.’ मग ‘एमडींच्या भावाच्या कंपनीशी केलेले व्यवहार वेगळे काढा.’ हे तीन प्रश्न जर २८ मेला पहिल्यांदा निघाले, तर ऑडिटर सही थांबवणार आणि त्यात त्यांची चूक नसणार. एप्रिलमध्ये निघाले तर उत्तर शोधायला महिना मिळतो. कच्चे आकडे असे आधी कुणालाही पाठवले की कंपनीच्या डिजिटल डेटाबेसमध्ये (जाहीर न झालेली माहिती कुणाला दिली, त्याच्या नोंदवहीत) त्याची नोंद करा, तीही त्याच दिवशी.

इथे एक कबुली. स्वतंत्र संचालक वाढवले म्हणजे निकाल लवकर येतो, असं अजिबात नाही. नीट वाचणारा संचालक कधीकधी निकाल अडवतो, आणि अडवावाच. या विषयावरच्या अभ्यासांचं उत्तरही एकाच दिशेचं नाही. आपण करायचं एवढंच, की त्याची हरकत आपल्याला शेवटच्या दिवशी ऐकायला मिळू नये.

प्रमोटर कुटुंबातला संचालक उपकंपनी सांभाळत असेल तर तिचे आकडे कोणत्या तारखेला देणार ते बोर्डाच्या मिनिट्समध्ये लिहून घ्या. तोंडी ‘देतो की’ चालत नाही.

खुर्ची रिकामी होण्याकडेही लक्ष हवं. स्वतंत्र संचालकाला पाच-पाच वर्षांच्या सलग दोनच टर्म मिळतात. कायद्याचं हे कलम १ एप्रिल २०१४ला लागू झालं, त्यामुळे असंख्य कंपन्यांत ३१ मार्च २०२४ला जुनी माणसं एकदम उठली. ऐन वर्षअखेरीला! एरवी रिकामी जागा भरायला तीन महिने मिळतात, पण टर्म संपून बोर्डाची रचना नियमात बसेनाशी होणार असेल तर नवा माणूस त्याच दिवसापर्यंत नेमावा लागतो. आणि वार्षिक निकाल तर दोनच महिन्यांत द्यायचा. नव्या माणसाला आपला व्यवसाय कळेपर्यंत मे संपतो. म्हणून नेमणुकांच्या तारखा पुढेमागे ठेवा, आणि शक्यतो सप्टेंबरच्या सर्वसाधारण सभेच्या आसपास.

कुणीतरी हमखास सुचवतंच, ‘सर्क्युलर रिझोल्यूशनने उरकून टाकू.’ आर्थिक पत्रकांना मंजुरी बोर्डाच्या मीटिंगमध्येच घ्यावी लागते, कागद फिरवून नाही. व्हिडिओवर मात्र चालते. २०२१च्या जूनपासून ती अडचण गेली. पण व्हिडिओवर बसणारा माणूस नक्की कुठून बसणार आहे ते विचारा. हॉटेलचं वायफाय चालेल, बद्रीनाथच्या वाटेवरची टॅक्सी नाही.

माझ्या एक्सेल शीटमध्ये संचालकांच्या नावापुढे डीआयएन (संचालकाचा ओळख क्रमांक), टर्म संपण्याची तारीख, इतर कंपन्या असे रकाने आहेत. शेवटचा रकाना नंतर घातलेला आहे: ‘मे महिन्यात कुठे?’ फेब्रुवारीच्या मीटिंगला चहा येतो तेव्हा तो मी सगळ्यांकडून भरून घेते. केदारनाथवाले काका यंदा स्वतःहून म्हणाले, ‘लिहा, पुण्यातच.’