छातीत पाणी झालंय, टीबी वाटतोय? ग्रामीण रुग्णालयात काम करताना या चुका टाळा

मागच्या ऊसतोडीच्या हंगामात एक २४ वर्षांचा पोरगा ओपीडीत आला, उजव्या बरगडीत चमक भरलीय, श्वास ओढला की कळ येते, मोळी उचलताना लचक भरली असणार असं त्याचं म्हणणं. त्याआधी दोन ठिकाणी जाऊन आलेला, दोन्हीकडे दुखण्याचं इंजेक्शन आणि मलम. मी शर्ट वर करायला लावला आणि पाठीवर बोटाने वाजवत खाली आलो तर उजवीकडे खांद्याच्या पात्याखाली एकदम दगडावर वाजवल्यासारखा ठस्स आवाज, स्टेथो लावला तर तिथं श्वास ऐकूच येईना. ताप येतो का विचारलं तर नाही म्हणाला. पण बायको बाजूला उभी होती, ती म्हणाली रोज रात्री कोपीत, म्हणजे आमच्या झोपडीत, घामाने यांचं बनियन पिळून काढावं लागतं डॉक्टर.

पहिली चूक इथंच होते बघा. पेशंट "पाणी झालंय" असं म्हणत येत नाही, तो चमक म्हणतो, कळ म्हणतो, मुका मार म्हणतो. प्लुरल टीबी, म्हणजे फुफ्फुसावरच्या आवरणाचा टीबी, बऱ्याचदा असाच अचानक एका बाजूच्या दुखण्याने सुरू होतो, खोकला असला तर कोरडा. ओपीडीत शंभर-दीडशे पेशंट असतात मला माहितीय, पण एका बाजूने छाती दुखणाऱ्या तरुण माणसाची पाठ वाजवून बघायला अर्धा मिनिट लागतो, तेवढा द्या.

एक्सरे उभं करूनच काढा. झोपवून काढला की पाणी पाठीमागे पसरतं आणि एक बाजू नुसती धुरकट दिसते. उभ्या एक्सरेमध्येसुद्धा कोपरा बुजायला साधारण २०० मिली पाणी लागतं, त्यामुळे एक्सरे नॉर्मल म्हणजे पाणी नाही असं समजू नका. सोनोग्राफी मशीन असेल, गरोदर बायांच्या तपासणीचं का असेना, त्यावर थोडंसं पाणीही दिसतं आणि सुई कुठं घालायची तेही कळतं. अख्खी बाजू पांढरी दिसली तर आधी श्वासनलिका कुठं सरकलीय बघा, पाण्याने ती पलीकडे ढकलली जाते, फुफ्फूस आकसलं असेल तर त्याच बाजूला ओढली जाते, अशा ठिकाणी सुई घालायला जाऊ नका.

आता सगळ्यात मोठी चूक, पाणी न काढताच एकेटी, म्हणजे टीबीच्या गोळ्या, सुरू करणं. "इकडं पाणी म्हणजे टीबीच" हे वाक्य मी कितीतरी वेळा ऐकलंय, आणि बहुतेक वेळा ते खरं निघतं म्हणूनच ते जास्त धोक्याचं आहे. साठीतला विडी ओढणारा माणूस आणि लालसर पाणी, इथं कॅन्सर आधी आठवा. दोन्ही बाजूंना पाणी आणि पायाला सूज असेल तर हार्ट, किडनी, लिव्हर बघा. दारू पिणारा, ताप, उजवीकडे खाली दुखतंय, तर लिव्हरमधला गळू असू शकतो, त्याच्यावरही पाणी साचतं. आणि सुईत पू आला तर विषय वेगळाच, नुसत्या गोळ्यांनी तो जात नाही, नळी टाकावी लागते, तुमच्याकडे होत नसेल तर त्याच दिवशी पुढे पाठवा.

नातेवाईक घाबरतात, "पाणी काढलं की माणूस जातो" असं गावात ठाम बसलंय. त्यांना नीट सांगा, कारण पाणी काढल्यावर जी माणसं गेली ती बहुतेक आधीच फार शेवटच्या टप्प्यावर होती. सुई बरगडीच्या वरच्या कडेवरून घाला, खालच्या कडेला शिर आणि नस असते. एका वेळी दीड लिटरच्या वर काढू नका, आणि मध्येच खोकला लागला किंवा छाती आवळली तर लगेच थांबा. पाणी काढून झालं की परत एक्सरे, कारण पाण्यामागे काय लपलंय ते तेव्हाच दिसतं.

पाणी काढलं, पण कशात भरलं?

हे मी स्वतः चुकून शिकलोय म्हणून जरा सविस्तर सांगतो. नवीन असताना मी एका पोरीचं सगळं पाणी एकाच साध्या बल्बमध्ये, म्हणजे सॅम्पलच्या नळीत, भरून पाठवलं होतं. टीबीच्या पाण्यात प्रोटीन खूप असतं, ते ठेवल्यावर गोठतं, जेलीसारखा गोळा होतो, आणि पेशी त्या गोळ्यात अडकून बसतात. रिपोर्ट आला, पेशी ४०. एवढ्या कमी पेशी म्हणजे टीबी नाही असं समजून मी पोरीला घरी पाठवलं आणि तीन आठवड्यांनी ती दुप्पट पाणी घेऊन परत आली. तिचं तोंड अजून डोळ्यासमोर आहे.

म्हणून आता टेबलावर आधीच मांडून ठेवतो. पेशींसाठी जांभळ्या झाकणाचा ईडीटीएचा (सॅम्पल गोठू न देणारं रसायन असलेला) बल्ब, भरल्या भरल्या हलवायचा. प्रोटीन आणि एलडीएच, एडीए या दोन एन्झाइमसाठी साधा बल्ब. सीबीनॅट किंवा ट्रूनॅटसाठी, म्हणजे टीबीच्या जंतूंचा डीएनए शोधणाऱ्या तपासणीसाठी, निर्जंतुक डबी. शुगरसाठी करड्या झाकणाचा. आणि त्याच वेळी हातातून रक्त, हे लोक हमखास विसरतात, रक्ताचं प्रोटीन नसेल तर पाण्याच्या प्रोटीनची तुलना कशाशी करणार? पाण्याचं प्रोटीन भागिले रक्ताचं प्रोटीन ०.५ च्या वर, किंवा एलडीएचचं तेच प्रमाण ०.६ च्या वर, किंवा पाण्यातलं एलडीएच रक्ताच्या नॉर्मल वरच्या मर्यादेच्या दोन तृतीयांशापेक्षा जास्त, यातलं एक जरी जुळलं तरी ते एक्झुडेट, म्हणजे दाहासारख्या कारणाने साचलेलं जास्त प्रोटीनचं पाणी, हे लाइट नावाच्या डॉक्टरांचे निकष १९७२ पासून चालत आलेत आणि त्यांना भारी मशीन लागत नाही. त्या ऊसतोडीच्या पोराचं पाण्यातलं प्रोटीन ४.९, रक्तातलं ६.४, म्हणजे प्रमाण ०.७७.

सॅम्पल दुपारच्या गाडीला द्यायचं असेल तर पाणी सकाळी काढा. संध्याकाळी काढून रात्रभर खिडकीत ठेवलेल्या पाण्यातल्या पेशी मोजण्यात अर्थ नाही.

"सीबीनॅट निगेटिव्ह आलं, टीबी नाही"

हे वाक्य कृपा करून केसपेपरवर लिहू नका. प्लुरल टीबीत पाण्यात जंतू फारच थोडे असतात, पाणी मुख्यतः शरीराच्या प्रतिक्रियेमुळे साचतं. स्लाइडवर जंतू दिसणं दहातल्या एकापेक्षाही कमी वेळा होतं, सीबीनॅटही बऱ्याच केसेस सोडतं. पॉझिटिव्ह आलं तर सोनं, रिफॅम्पिसिन या टीबीच्या मुख्य औषधाला रेझिस्टन्स आहे का तेही कळतं, म्हणून पाठवायचं नक्की. पण निगेटिव्हवरून टीबी खोडायचा नाही.

थुंकी पण पाठवा, एक्सरेत फुफ्फूस साफ दिसलं तरी. ब्राझीलमध्ये २००३ साली एक अभ्यास छापून आला होता, प्लुरल टीबीच्या पेशंटना खारट पाण्याची वाफ देऊन थुंकी काढली तर निम्म्याहून थोड्या जास्त लोकांच्या कल्चरमध्ये जंतू सापडले. ३ टक्के सलाईनचं नेब्युलायझेशन आपल्याकडेही जमतं, फक्त ते वॉर्डात देऊ नका, बाहेर मोकळ्या हवेत द्या, शेजारच्या पेशंटचा विचार करा.

एडीए हा आपल्यासारख्यांचा खरा आधार. ४० च्या वर, पाणी एक्झुडेट, पेशींमध्ये लिम्फोसाइट (पांढऱ्या पेशींचा एक प्रकार) जास्त, वय तरुण, ताप आणि वजन घटलेलं, हे सगळं एका रांगेत आलं तर आपल्या भागात टीबी धरून उपचार सुरू करायला हरकत नाही. पण एकटा एडीए बघून नाही! पू झालेल्या छातीत तो भरपूर वाढतो, लिम्फोमात (लसिकागाठींच्या कॅन्सरमध्ये) वाढतो, संधिवातामुळे छातीत झालेल्या पाण्यातही वाढतो. आणि पहिल्या एक-दोन आठवड्यांत टीबीच्या पाण्यातही न्यूट्रोफिल (दुसऱ्या प्रकारच्या पांढऱ्या पेशी) जास्त असू शकतात, शंका असेल तर काही दिवसांनी परत सुईने पाणी काढून बघा. एचआयव्ही आणि शुगर प्रत्येकाची करायचीच.

आणखी एक, ज्याचा मला खरंच राग येतो. निदान लटकलेलं असताना "बघू अँटिबायोटिकने जातं का" म्हणून लिव्होफ्लॉक्सासिन देणं. ते टीबीवरही काम करतं, त्यामुळे चार दिवस बरं वाटतं, टीबी दबतो आणि आपण फसतो. स्टिरॉइडचंही तेच. द्यायचंच असेल तर साधं अमॉक्सिसिलिन द्या.

आणि पाणी आपोआप कमी झालं म्हणून सोडून देऊ नका. प्लुरल टीबीचं पाणी औषधाविनाही दोन-चार महिन्यांत आटतं. अमेरिकन सैन्यातल्या अशा १४१ जणांचा पाठपुरावा १९५५ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात ६५ टक्क्यांना पुढे टीबी उफाळला. म्हणजे आज घरी सोडलेला पोरगा दोन वर्षांनी रक्त थुंकत येऊ शकतो.

उलट गोळ्या सुरू केल्यावर ताप दोन आठवडे रेंगाळू शकतो, पाणी आटायला दीड-दोन महिने लागू शकतात, कधी कधी सुरुवातीला थोडं वाढतंही. लगेच घाबरून गोळ्या बदलू नका, आधी गोळ्या खरंच घेतोय का आणि निदान बरोबर होतं का ते तपासा.

त्या पोराचं पाण्याचं सीबीनॅट निगेटिव्ह, थुंकीचंही निगेटिव्ह. एडीए ६८, लिम्फोसाइट ९० टक्के, एचआयव्ही निगेटिव्ह. वजन ४६ किलो, म्हणजे रोज तीन गोळ्या, सहा महिने. मला भीती गोळ्यांची नव्हती, टोळी पुढच्या गावाला हलली की काय याची होती. म्हणून निक्षयवर, म्हणजे टीबी पेशंटच्या सरकारी पोर्टलवर, नोंद केली, आयडी बायकोच्या मोबाईलमध्ये फोटो काढून ठेवायला लावला, मुकादमाचा नंबर घेतला, बँक पासबुक मागवलं कारण पोषणाचे महिन्याला १००० रुपये खात्यात येतात. बाराव्या दिवशी बायकोने फोन केला, बनियन कोरडं आहे म्हणाली. मार्चमध्ये टोळी गावाकडे निघाली तेव्हा केस त्यांच्या तालुक्याला ट्रान्सफर केली आणि प्रवासात खंड पडू नये म्हणून महिन्याच्या गोळ्या सोबत दिल्या, त्याने त्या कोयत्याच्या पिशवीत न ठेवता बायकोच्या डब्यात ठेवल्या.