घरची जिंजर बीअर: खानदेशच्या उन्हाळ्यात या चुका टाळा

जिंजर बीअरच्या, म्हणजे आलं-साखर आंबवून केलेल्या फसफसत्या सरबताच्या, बहुतेक कृती २०-२२ अंशांच्या स्वयंपाकघरासाठी लिहिलेल्या असतात. आपण ती करतो मे महिन्यात, भुसावळला पारा ४४च्या पुढे गेलेला असताना. तरी लोक कृतीतले दिवस जसेच्या तसे मोजतात. मग बाटली फुटते, नाहीतर सरबत आंबट होतं, नाहीतर फसफसतच नाही. दरवर्षी त्याच चुका बघून जीव उबगला, म्हणून हे सविस्तर लिहितो.

आधी प्रमाण. विरजणासाठी (आल्याच्या सालीवरचं यीस्ट, म्हणजे आंबवणारे सूक्ष्मजीव, यात वाढतात) दोन कप पाणी, सालासकट किसलेलं आलं दोन चमचे, साखर दोन चमचे. बरणीवर फडकं बांधायचं आणि रोज आलं आणि साखर एकेक चमचा घालून ढवळायचं. आपल्याकडे उन्हाळ्यात दोन-तीन दिवसांत वर फेस येतो. दोन लिटर जिंजर बीअरला १०० ग्रॅम आलं, १६० ग्रॅम साखर, दोन कागदी लिंबं आणि गाळलेलं विरजण १५० मिली. आलं-साखर थोड्या पाण्यात दहा मिनिटं उकळून गाळायचं, उरलेलं पाणी घालून पूर्ण निववायचं, मग लिंबू आणि विरजण.

काचेची बाटली आणि घड्याळ

सगळ्यात मोठी चूक हीच, आणि ही नुसती चव बिघडण्याची गोष्ट नाही. भुसावळच्या एका घरात काचेच्या सहा बाटल्या घट्ट बुचं लावून पत्र्याखालच्या माळ्यावर ठेवल्या होत्या. कृतीत तीन दिवस लिहिलेले, म्हणून तीन दिवस कोणी बघितलं नाही. दुसऱ्या दुपारी पहिली फुटली आणि तिच्या धक्क्याने शेजारच्या दोन गेल्या. बोटभर लांबीची एक काच माळ्याच्या लाकडी दारात रुतून बसली होती. त्या वेळी खाली कोणी नव्हतं, एवढंच नशीब.

हिशोब समजून घ्या. एका लिटरमधली साधारण ४ ग्रॅम साखर आंबली की त्या पाण्याच्या आकारमानाइतका वायू तयार होतो. चांगल्या फसफसत्या सोड्याला तीन-चार पट वायू पुरतो, म्हणजे लिटरमागे १२ ते १६ ग्रॅम साखर खर्च व्हायला हवी. आपण घातलेली असते ८० ग्रॅम. ती सगळी आंबू दिली तर वीस पट वायू होतो, आणि तो कुठलीच साधी बाटली धरून ठेवत नाही. त्यात उष्णता: तेवढाच वायू असलेल्या बाटलीत फ्रिजमध्ये जो दाब असतो, त्याच्या जवळपास तिप्पट ३० अंशांवर असतो. पत्र्याखाली किती होईल, विचार करा.

म्हणून आमच्याकडे नियम एकच: सोड्याची प्लास्टिकची बाटली, वर तीन बोटं जागा सोडलेली. दर तीन-चार तासांनी दाबून बघायची. दुकानातल्या न उघडलेल्या सोड्यासारखी टणक लागली की लगेच फ्रिजमध्ये. उन्हाळ्यात हे बारा-अठरा तासांतही होतं. दिवस मोजणाऱ्याला हे कळत नाही, हात लावणाऱ्याला कळतं. काचेतच हवी असेल तर एक प्लास्टिकची बाटली सोबत भरा, ती टणक झाली की सगळ्याच फ्रिजमध्ये टाका. उघडण्याआधी एक पूर्ण दिवस थंड होऊ द्या, नाहीतर निम्मं बाहेर येतं.

जागा कुठली

यीस्टला २० ते २८ अंश मानवतात. पस्तिशीच्या पुढे ते त्रासतं, वास उग्र येतो, आणि चाळिशीच्या आसपास जिवाणूंचं राज्य सुरू होऊन आंबटपणा वाढतो. ‘लवकर व्हावं’ म्हणून बरणी उन्हात ठेवणारे लोक मला अजिबात पटत नाहीत. ओट्यावर, गॅसजवळही नको. धाब्याचं घर असेल तर आतली खोली उत्तम. नसेल तर पाण्याच्या टबात बरणी उभी करून भोवती ओलं गोणपाट गुंडाळा. खानदेशची कोरडी हवा इथे कामी येते, माठातलं पाणी गार होतं त्याच कारणाने. जूनमध्ये हवा दमट झाली की ही युक्ती तेवढी चालत नाही.

आलं निवडताना

विरजणाची जान सालात असते. सोललेलं आलं, पाकिटातली आलं-लसूण पेस्ट, सुंठीची पूड यातून काही उगवत नाही. घाटावरून, कन्नड-खुलताबादकडून येणारं मातीचं, खरखरीत आलं घ्या. माती पाण्याने धुवा, पण खरवडू नका. उन्हाळ्यातलं आलं जुनं, रेषेदार आणि तिखट असतं, म्हणून १०० ग्रॅमवर थांबा. चकचकीत धुतलेलं पांढरट आलं मी घेत नाही.

गूळ घालायचा तर काळपट घ्या. पिवळाधमक गूळ रंग उजळायला बऱ्याचदा सल्फाइटची रसायनं घालून केलेला असतो, आणि तीच रसायनं यीस्टला मारतात. बाटलीतला लिंबाचा रसही टाळा, त्यातलं संरक्षक द्रव्य तेच करतं. लिंबू पिळताना पांढरी साल दाबू नका, कडू लागतं.

टँकरचं किंवा ब्लीचिंग पावडरचं पाणी पंधरा मिनिटं उघडं उकळून निववा. तांबं, बिनकल्हईचं पितळ, ॲल्युमिनियम नको. स्टील किंवा काच. विरजणावर पातळ पांढरी साय आली तर काढून टाका. हिरवी-काळी केसाळ बुरशी दिसली तर सगळं फेका. ब्रेडचं यीस्ट चिमूटभर घालून घाई करणाऱ्यांना पावाच्या वासाचं सरबत मिळतं.

आणखी एक, ही ‘फक्त सरबत’ नाही. थोडा अल्कोहोल तयार होतोच, आणि साखर पूर्ण आंबली तर चार-पाच टक्क्यांपर्यंत जाऊ शकतो. मुलांना, गरोदर बायकांना आणि दारू न पिणाऱ्यांना न सांगता देऊ नका. खरी बीअर किंवा दारू घरी परवान्याशिवाय गाळणं महाराष्ट्रात गुन्हा आहे, म्हणून इथे वेळ वाढवण्याचा मोह नकोच.

दुपारी लाइट जाऊन फ्रिज बराच वेळ बंद पडला, तर आतल्या बाटल्या गरम होऊन पुन्हा आंबायला लागतात. लाइट आल्यावर प्रत्येक बाटली दाबून बघा. टणकपणा वाढला असेल तर तिला जाड टॉवेल गुंडाळून अंगणात न्या, तोंड दूर करा, आणि झाकण पाव फेरा सैल करून सुऽऽ आवाज थांबेपर्यंत धरून ठेवा.